मारला त्यानं आणायचा

"मग पोरं का येत नाहीत, मास्तर?"

हणमंतरावांनी पुन्हा तेच विचारलं.

शामुवेलमास्तर दगडी रोलरवर बसले होते. मांडीवर एक जुनी हॉकी स्टिक आडवी होती. तिच्या मुठीला ते सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळत होते.

"हे ओढून धर," मास्तर म्हणाले, आणि पट्टीचं टोक त्यांनी हणमंतरावांच्या हातात दिलं.

हणमंतरावांनी ते ओढून धरलं. मास्तर गुंडाळत राहिले.

समोर, जुन्या छावणीच्या मागच्या लाल मातीच्या मैदानावर, पोरंपोरी खेळत होती. काहींच्या पायांत बूट होते, काहींच्या नव्हते. एका गोलला खांब होते आणि दुसऱ्याला दोन दगड.

याच मैदानावर, मास्तरांच्या हाताखाली, हणमंतराव लहानाचे मोठे झाले होते. पुढं ते राज्याकडून खेळले, मग मोठ्या नोकरीत शिरले, आणि आता दख्खन लान्सर्स या व्यावसायिक हॉकी संघाचे कार्यकारी प्रमुख होते. अंगातल्या पांढऱ्या शर्टावर छातीशी लान्सर्सचा भाला भरलेला होता.

"मी काय कमी केलं, सांगा," ते म्हणाले. "हायवेच्या पलीकडं केंद्र काढलं. मुलांसाठी. निळं टर्फ घातलं, आपल्या जिल्ह्यात कुठं नाही असलं. बूट फुकट, स्टिक फुकट. दुपारचं जेवण. न्यायला-आणायला बस. आमचे मोठे खेळाडू येऊन शिकवून गेले."

"चांगलं केलंस."

"दिवाळीच्या सुट्टीत गर्दी होती मास्तर, उभं राहायला जागा नव्हती. मग एकेक करून गळाली. आता बस रिकामी जाते आणि रिकामी येते. आणि ही सगळी…" त्यांनी मैदानाकडं हात केला. "ही सगळी परत इथं. मातीत."

मास्तरांनी दातानं पट्टीचं टोक तोडलं.

"सोमवारी बैठक आहे," हणमंतरावांचा आवाज खाली आला. "मालक म्हणतात, केंद्र बंद करा. त्या खर्चात टीव्हीवर जाहिरात करू. मी भांडून काढलंय हो ते. बंद पडलं तर पुन्हा कुणी काढणार नाही. मुलांसाठी म्हटलं की लोक हसतील मला."

मास्तरांनी स्टिक फिरवून मुठीची दुसरी बाजू पाहिली.

"तुम्ही एक शब्द टाका. तुमच्या शब्दावर पोरं येतील. फाटकावर तुमचं नाव लावतो, शामुवेल साळवे हॉकी केंद्र. मोठ्या अक्षरात."

"नाव नको रे," मास्तर म्हणाले. "मी अजून वापरतोय ते."

हणमंतरावांना हसू आलं, पण ते टिकलं नाही.

खेळता खेळता एक मुलगी पाणी प्यायला कडेला आली. तबस्सुम तिचं नाव. पोरांची कप्तान होती. हणमंतरावांनी तिला ओळखलं.

"तू आली होतीस ना आमच्याकडं? बूट आवडले नाहीत?"

"बूट लई भारी होते साहेब."

"जेवण?"

"जेवणपण. शुक्रवारी अंडी असायची."

"मग का सोडलंस?"

तबस्सुमनं बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"करमायचं नाही," ती म्हणाली, आणि पळाली.

हणमंतराव मास्तरांकडं वळले. "हे असं. सगळी हेच सांगतात. करमायचं नाही. आता मी टर्फवर करमणूक कुठून आणू?"

"आजूबाजूला कोण राहतं तिथं?" मास्तरांनी विचारलं.

"कुठं?"

"तुझ्या केंद्राच्या."

"आहे कसलीतरी वस्ती. घरं आहेत. पण त्यांचा काही त्रास नाही, चारी बाजूंनी उंच जाळी आहे. चेंडू बाहेर जात नाही, वेळ वाया जात नाही. इथल्यासारखं नाही. आमचं अर्धं बालपण चेंडू शोधण्यात गेलं."

"एकही चेंडू हरवला नाही?"

"एकही नाही," हणमंतराव अभिमानानं म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली. मग पट्टी गुंडाळलेली स्टिक त्यांच्यापुढं धरली.

"मूठ बरोबर झाली का बघ. मारून बघ एक."

पोरं थांबली. हणमंतरावांनी हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या. तबस्सुमनं चेंडू त्यांच्याकडं ढकलला.

"जपून साहेब," एक पोरगा म्हणाला. "कमरेत भरेल."

"तुझ्या बापाला विचार मी कोण होतो ते," हणमंतराव म्हणाले, आणि त्यांनी मारला.

फटका अजून तसाच होता. चेंडू वाटेतल्या दगडावर आदळून उडाला, गोलच्या वरून गेला, पडक्या भिंतीच्याही वरून गेला आणि पलीकडं दिसेनासा झाला.

पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. हणमंतरावांनी स्टिक फिरवून खांद्यावर घेतली. ते क्षणभर चौदा वर्षांचे झाले होते.

"मूठ झकास आहे मास्तर."

"हं," मास्तर म्हणाले. "आण आता."

"काय?"

"चेंडू."

"अहो, मी पिशवीभर चेंडू आणलेत." हणमंतराव गाडीकडं गेले आणि एक पिशवी घेऊन आले. त्यांनी तिचं तोंड सोडलं. आत पांढरेशुभ्र, कोरे चेंडू होते, प्रत्येकावर निळा भाला. एक काढून त्यांनी तबस्सुमकडं टाकला. "घ्या. खेळा."

तबस्सुमनं तो स्टिकनं थांबवला. खेळली मात्र नाही. बाकीची पोरंही जागची हलली नाहीत. दोघं-तिघं तर खाली मातीत बसलीसुद्धा, बराच वेळ लागणार असल्यासारखी.

"काय झालं?"

"इथं तसं नसतंय साहेब," तबस्सुम म्हणाली. तिनं तो चेंडू हळूच परत त्यांच्या पायाशी ढकलला.

हणमंतरावांनी मास्तरांकडं पाहिलं.

"तुमच्या वेळी काय होतं?" मास्तरांनी विचारलं.

"…मारला त्यानं आणायचा."

"मग?"

"मास्तर, मी आता पन्नाशीचा आहे."

"चेंडूला कुठं माहीत आहे ते?"

पोरं हसली. हणमंतरावही थोडं हसले. मग त्यांनी स्टिक रोलरला टेकवली आणि भिंतीच्या खिंडारातून पलीकडं उतरले.

*

पलीकडं परीटआळी होती. दगडी हौद, वाकलेले बांबू, बांबूंवर दोऱ्या, आणि दोऱ्यांवर कुणाकुणाचे पायजमे, परकर, चादरी.

एका पांढऱ्या चादरीच्या बरोबर मध्ये लाल मातीचा गोल डाग होता. चादरीखाली चेंडू पडला होता, आणि चेंडूशेजारी हौदाच्या काठावर सगुणाबाई परीट बसली होती. तिचे केस सगळे पांढरे झाले होते. हात मात्र अजून पैलवानासारखे होते.

तिनं चेंडू उचलून पदरात घेतला.

"तो माझा चेंडू आहे," हणमंतराव म्हणाले.

"असं का."

"द्याल का?"

"कोण तुम्ही?"

"मी दख्खन लान्सर्सचा…"

"लान्सर म्हंजी ती गाडी ना? आमच्या जावयाची होती. सारखी बंद पडायची."

"गाडी नाही हो. हॉकीचा संघ आहे. मी हणमंत."

"कुठला हणमंत? इथं देवळात एक आहे. पण तो चेंडू मारत नाही."

हणमंतरावांनी घाम पुसला. भिंतीच्या खिंडारात चार-पाच पोरांची डोकी दिसत होती.

"चादर खराब झाली ती मी भरून देतो. नवीन घ्या. हवं तर दोन घ्या."

"नवी कशाला?" सगुणाबाईनं विचारलं. "मळलीये ती. फाटली कुठं?"

"मग काय करू मी?"

ती दुसऱ्या चादरीची कड सारखी करत बसली.

हणमंतराव उभेच राहिले. मोठमोठ्या बैठकांत त्यांना बोलायला कधी शब्द कमी पडले नव्हते. इथं काही सुचेना. हौदाला तेच हिरवं शेवाळ होतं. तोच सोड्याचा वास. या दारात ते कितीदा तरी उभे राहिले होते, अनवाणी, गुडघे फुटलेले… आणि आत शिरण्याआधी काहीतरी म्हणावं लागायचं. मास्तरांनीच शिकवलं होतं. चेंडू मागायच्या आधी ते म्हणायचं. नाहीतर चेंडू मिळायचा नाही.

एक शब्द होता.

"…चुकलं, मावशी," हणमंतराव म्हणाले.

सगुणाबाईनं मान वर केली. डोळे बारीक करून त्यांच्याकडं पाहिलं.

"अगं बया. हणम्या होय तू?"

"हो."

"पिठाच्या गिरणीवाल्या भागीरथीचा?"

"हो मावशी."

"मग असं सांग की मेल्या. लान्सर काय, संघ काय." तिनं पदरातला चेंडू काढून त्यांच्या हातात दिला. "आवाज तसाच आहे बघ. चुकलं म्हणताना असाच बारीक व्हायचा. माझी निळीची घागर फोडलीस तेव्हा तर नुसता उंदीर झाला होतास."

भिंतीवरून खिदळण्याचा आवाज आला.

"ती घागर मी नव्हती फोडली. ती फोडली…"

"माहीत आहे कुणी फोडली. पण आला होतास तू." तिनं दोरीवरची चादर ओढून काढली आणि साबणाच्या वडीसकट त्यांच्या हातात कोंबली. "चोळू नकोस. माती आत मुरंल. पाण्यात झटक आधी."

हणमंतरावांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हौदाच्या पायरीवर बसले. चादर पाण्यात झटकली. मग साबण लावला. मग आपटली. पाणी उडून शर्टावरच्या भाल्यावर पडलं.

खिशातला फोन वाजायला लागला. हात ओले होते. तो वाजून वाजून गप्प झाला.

*

ते परत आले तेव्हा पोरं तशीच बसली होती. कोऱ्या चेंडूंच्या पिशवीला कुणी हात लावला नव्हता.

हणमंतरावांनी चेंडू मास्तरांपुढं धरला. पँट भिजली होती, चेहरा मात्र खुलला होता.

"आणला मास्तर."

मास्तरांनी चेंडूकडं पाहिलंसुद्धा नाही.

"चादर?"

"धुतली. मी स्वतः धुतली."

"वाळली?"

"टाकली आहे दोरीवर. वाळेल की. ऊन आहे."

"मग चेंडू अजून आलेला नाही," मास्तर म्हणाले.

हणमंतराव हातातल्या चेंडूकडं बघत राहिले.

पोरांपैकी कुणीच हसलं नाही. त्यांना त्यात नवीन काही वाटलं नाही.

हणमंतरावांनी चेंडू रोलरवर ठेवला आणि ते पुन्हा खिंडारातून उतरले.

*

"आलास होय," सगुणाबाई म्हणाली. "बस. त्या दगडावर नको, तो ओला आहे."

ते बसले. चादर वाऱ्यानं हलत होती. डाग गेला होता, पण तो होता तिथं ओल जास्त होती, म्हणून चादरीवर एक काळसर चांदवा दिसत होता. तो हळूहळू लहान होत होता.

"कुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"लग्नघरची. पाव्हण्यांसाठी. सांजच्याला न्यायला येतील."

सगुणाबाईनं दोरीवरचे वाळलेले पायजमे काढून मांडीवर घेतले.

"पोरं रोज येतात का इथं?" हणमंतरावांनी विचारलं.

"चेंडू येतो, मग पोरं येतात. ती तबस्सुम लई येते. फटका वाकडा आहे तिचा." सगुणाबाई हसली. "मुद्दाम मारते असं मला वाटायला लागलंय. आई कामावर असते तिची. आली की बसते जरा. उन्हाळ्यात कैरी खाते माझ्याकडची, मीठ लावून. मी म्हणते, चेंडू घेऊन जा बाई, तिकडं सगळी वाट बघत असतील. तर म्हणते, चादर वाळू दे की."

चादरीची कड खाली लोंबत होती, ती हणमंतरावांनी उचलून वर सारली.

"मधी दिसत नव्हती," सगुणाबाई पुढं म्हणाली. "कुणीच दिसत नव्हतं. दिवाळीनंतरचा तो महिना. कुठं तरी मोठं निळं मैदान झालंय म्हणे. मी रोज दोरीवर पांढऱ्या चादरी टाकायची. सगळ्या पांढऱ्याच्या पांढऱ्या राहायच्या."

"बरं झालं असेल. काम वाचलं असेल."

"हो," ती म्हणाली. "काम वाचलं."

तिनं उठून चादरीला हात लावून पाहिला, आणि पुन्हा येऊन बसली.

"मावशी," हणमंतराव म्हणाले, "ते निळं मैदान माझं आहे."

"तुझं?"

"मीच काढलं. या पोरांसाठी. पण कुणी येत नाही तिथं. मला कळत नाही, का येत नाहीत."

सगुणाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. रागानं नाही.

"मला काय विचारतोस बाबा? मला हॉकीतलं काय कळतंय? तिथल्या आजूबाजूच्या बायकांना विचार की."

"त्या मला ओळखत नाहीत."

"म्हंजी? एवढे दिवस झाले. एकदापण चेंडू गेला नाही कुणाच्या दारात?"

"…नाही."

"आं," सगुणाबाई म्हणाली. तिला ते काही पटलं नाही. "कसलं खेळता मग?"

ऊन भिंतीवर चढलं. चांदवा रुपयाएवढा झाला, मग दिसेनासा झाला.

"धर," ती म्हणाली.

चादरीची दोन टोकं त्यांनी धरली, दोन तिनं. ताणली, झटकली. मग घडी घालण्यासाठी ती त्यांच्याकडं चालत आली आणि तेही तिच्याकडं चालत गेले. टोकाला टोक मिळालं. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. शेवटी चादरीची छोटी चौकोनी घडी तिच्या हातात राहिली.

"आईला सांग, सगुणानं विचारलंय."

"आई गेली, मावशी. मागच्या साली."

सगुणाबाई क्षणभर तशीच उभी राहिली. मग घडी काखेत धरून दुसऱ्या हातानं तिनं त्यांच्या गालावरून बोटं फिरवली.

"कळवलं नाहीस रे…"

हणमंतराव खाली बघत होते.

"चुकलं, मावशी," ते म्हणाले.

या वेळी भिंतीवरून कुणी खिदळलं नाही.

*

मैदानावर ऊन तिरपं झालं होतं. हणमंतराव आले तशी पोरं उठली, अंगाची माती झटकली.

मास्तरांनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग रोलरवरचा चेंडू उचलून तबस्सुमकडं टाकला.

"आला रे चेंडू."

तबस्सुमनं तो मधोमध ठेवला. ती आणि एक पोरगा समोरासमोर वाकले. खेळ सुरू करायची बुली झाली. जमिनीला स्टिक, मग एकमेकांच्या स्टिकला स्टिक. टक… टक… आणि चेंडू सुटला.

हणमंतराव मास्तरांशेजारी रोलरवर बसले. लहानपणी बसायचे तसे, पाय वर घेऊन.

"मला समजलं मास्तर," ते म्हणाले. "उद्याच्या उद्या जाळी काढून टाकतो."

"जाळी कशाला काढतोस? लोकांच्या काचा फुटतील. एखाद्या म्हातारीच्या डोक्यात बसंल."

"…मग?"

मास्तर खेळाकडं बघत होते.

"ए, पायात घेऊ नको, पुढं सोड," ते एका पोरावर ओरडले.

हणमंतराव थांबले. पोरगा पुढं गेला. धूळ उडाली, बसली.

"मास्तर, सोमवारी त्यांना काय सांगू मी?"

"फाटकातून बाहेर पडलं की पहिलं दार कुणाचं?"

"कुठल्या फाटकातून?"

"तुझ्या. निळ्या मैदानाच्या."

हणमंतरावांनी आठवून पाहिलं. पत्र्याची घरं होती. एका दारात शेळी बांधलेली असायची… की ते पुढच्या दारात? एक बाई बसलेली असायची. बस आत वळताना ती पाय आखडून घ्यायची. तिचं तोंड काही केल्या आठवेना.

"माहीत नाही," ते म्हणाले.

मास्तरांनी नवी पट्टी गुंडाळलेली स्टिक उचलून त्यांच्या हातात दिली.

"तुझा चेंडू त्याच दारात पडलाय," ते म्हणाले. "जा, आण."